सोवळ्यातली नखं

माझी नखं लहानपणापासून पातळ. आई म्हणायची, "हिची नखं म्हणजे कांद्याची सालं." जरा वाढली की टोकाला दोन पापुद्रे सुटायचे आणि वरचा पापुद्रा कुठे ना कुठे अडकून फाटायचा. निफाडला माहेरी असेपर्यंत याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. नखं ही काळजी करण्याची गोष्ट असू शकते हे मला लग्न होऊन पंचवटीत आल्यावर कळलं.

सासरी सगळं घर यजमानांवर चालायचं. गंगेवर विधी करायला येणारी बाहेरगावची माणसं, म्हणजे यजमान, सासऱ्यांकडे यायची, आमच्याच वरच्या खोल्यांमध्ये उतरायची आणि जेवायची आमच्याकडे. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. तेव्हा विधी सासऱ्यांचे आणि जेवणं आम्हा दोघींची, सासूबाईंची आणि माझी. स्वयंपाक सगळा सोवळ्यात. पहाटे आंघोळ करायची, आदल्या दिवशी धुऊन उंच काठीवर वाळत घातलेलं, कुणी न शिवलेलं लुगडं नेसायचं आणि पंगत उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. तांदूळ धुवा, डाळ धुवा, भाज्या धुवा, पितळेची पातेली चिंचेनं घासा, मधेच चुकून कशाला हात लागला तर पुन्हा हात धुवा. त्या घरात माझे हात दुपारपर्यंत कोरडे झाल्याचं मला आठवत नाही.

दुपार मात्र माझी होती. पंगत उठली, भांडी झाली की मी साड्यांना फॉल लावायला बसायचे. मेन रोडवर साड्यांचं एक मोठं दुकान होतं. तिथल्या मालकीणबाई भारी साड्यांना मशीन लावू देत नसत. फॉल हातानंच हवा आणि टाका सुलट बाजूनं दिसता कामा नये. माझा टाका दिसत नसे. दर आठवड्याला झालेल्या साड्या पिशवीत घालून मी होळकर पुलावरून पायी दुकानात जायचे आणि नव्या घेऊन यायचे. पैसे काय मिळायचे ते सांगण्यासारखं नव्हतं. पण पूल चढला की मी कुणाची सून नसायचे. पलीकडे लोक मला माझ्या कामावरून ओळखायचे. सासूबाईंनाही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण दुपारी त्या झोपत. ते काम गेलं असतं तर माझा पूल गेला असता. त्या घरात मला दुसरी खिडकी नव्हती.

आणि नखानं नेमका तिथेच घात केला. एका नवरीची येवल्याची पैठणी होती, मोरपंखी. काठाजवळ टाका घेताना उजव्या अंगठ्याचा पापुद्रा रेशमात अडकला आणि एक धागा सरकन ओढला गेला. मी तो सुईनं परत बसवला. मला वाटलं, बसला. मालकीणबाईंनी साडी हातात घेतली, डोळे मिटून तळवा फिरवला आणि बरोबर तिथे थांबल्या. मग गिऱ्हाइकांसमोरच माझा हात उलटा करून पाहिला.

"ताई, असल्या नखांनी रेशीम धरता तुम्ही?"

बाई वाईट नव्हत्या. धागा त्यांनी त्यांच्या कारागिराकडून नीट करून घेतला, नवरीला काही कळू दिलं नाही. पण मला नवी साडी दिली नाही. "नखं नीट करा आणि या. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होईल, तोवर मी दुसऱ्या कुणाला लावत नाही," एवढंच म्हणाल्या. रिकामी पिशवी घेऊन पूल उतरताना मला पहिल्यांदा माझ्या नखांचा राग आला.

रविवार कारंजाजवळ बांगड्या-टिकल्यांचं एक दुकान होतं. तिथल्या बाईला मी नखं दाखवली. तिनं काउंटरवर दोन बाटल्या मांडल्या. एकीत नखांना चोळायचं तेल, दुसरीत नखं कडक करणारं हार्डनर. तेल स्वस्त, पण गुण यायला महिने लागतील म्हणाली. हार्डनर पाण्यासारखं पारदर्शक होतं. "दोन थर द्या, काचेसारखं बसेल. लावलंय हे तुमच्या नवऱ्यालाही कळणार नाही."

"पाण्यात टिकेल ना?"

"टिकेल हो, पण नखं पाण्यात किती वेळ ठेवणार? ते काय मासे आहेत?"

तिसरा उपाय शेजारच्या औषधाच्या दुकानात होता, पोटात घ्यायच्या कॅप्सूल. मी विचारलं, यात काय असतं? दुकानदार म्हणाला, जिलेटिन. मी विचारलं, ते कशाचं करतात? तो माणूस जरा घुटमळला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही पंचवटीतल्या ना? मग नका घेऊ." म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा. तो उपाय पोटात जाण्याआधीच बाद झाला. तेलाला माझ्याकडे वेळ नव्हता. मी हार्डनर घेतलं, दुपारी दोन थर दिले आणि फार दिवसांनी स्वतःच्या हातांकडे बरं वाटून पाहिलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी तांदूळ धुवेपर्यंत टिकलं. चुलीच्या उजेडात नखं चमकली आणि सासूबाईंचा हात डाळीत थांबला.

"हे काय लावलंयस?"

"औषध आहे, आई. नखं तुटतात म्हणून."

"औषध असं चमकतं होय?" त्यांनी जवळ येऊन पाहिलं, शिवल्या मात्र नाहीत. "यावरून पाणी ओघळून जाणार. नखाला लागणारच नाही. म्हणजे तुझी आंघोळ नखं सोडून झाली."

नखं सोडून झालेली आंघोळ ही आंघोळ नव्हेच, आणि आंघोळ नाही तर सोवळं नाही. मी धुतलेले तांदूळ गाईला गेले. मला ओवळ्यात बाहेर बसवलं आणि त्यांनी एकटीनं सगळा स्वयंपाक केला. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी प्रकरण सासऱ्यांकडे गेलं. सासरे माणूस मऊ, पण प्रश्न शास्त्राचा आला की त्यांना कोर्टात बसल्यासारखं वाटायचं. हार्डनर नको, तर मी रबरी हातमोजे घालून काम करू का, हेही मी विचारून घेतलं. त्यांनी बराच विचार केला. "रेशीम चालतं. लोकर चालते. रबर म्हणजे झाडाचा चीक. हिंगही झाडाचाच चीक आणि हिंग आपण खातो. तेव्हा तत्त्वतः..."

"तत्त्वतः राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "कणीक मळताना मोज्याचा तुकडा यजमानाच्या पोळीत गेला तर तो काय तत्त्वतः खाणार आहे?"

मोजे गेले. बाटलीबद्दल सासऱ्यांनी निकाल दिला, "रंग असो नाहीतर नसो, आवरण ते आवरण." नवरा पेपर वाचत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "अगं, नखंच आहेत ना? कापून टाक." ज्याला आयुष्यात कुठे टाका घालायचा नाही त्याला नखं कापून टाकता येतात. पाण्यानं पापुद्रे आता पार मुळापासून सुटत होते आणि कापायचं कुठवर हे त्याला कोण सांगणार?

आता इकडे आड तिकडे विहीर. नखांना आवरण नाही तर रेशीम नाही, आवरण आहे तर स्वयंपाकघर नाही. मग मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. स्वयंपाक आटोपला की दुपारी हार्डनर लावायचं आणि पहाटे आंघोळीच्या आधी रिमूव्हरनं पुसून टाकायचं. सोवळं शाबूत, नखंही शाबूत. रोज दुपारी लावायचं, रोज पहाटे न्हाणीघरात कापसाच्या बोळ्यानं काढायचं. वास जावा म्हणून वर बेसन चोळायचं. सासूबाईंना माहीत होतं. आंघोळीच्या वेळी नखं उघडी असतात ना, मग त्यांना हरकत नव्हती. शहाणपणाची हद्द म्हणजे मी ही युक्ती शेजारच्या घरातल्या सुनेलाही सांगितली.

दिवाळी यायच्या आत नखं पांढरी पडली, खडूसारखी. हात लावला तर भुगा यायचा. मला वाटायचं औषध कमी पडतंय, म्हणून मी दोनाचे तीन थर केले. एक दिवस पुरणाची कणीक मळताना उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं, थेट मांसापर्यंत. कणकेत रक्त. सासूबाईंनी परात बाजूला केली, माझा अंगठा पदरात गुंडाळला आणि रक्तानं माझं सोवळं मोडलेलं असूनही स्वतः सोवळ्यात असताना मला शिवल्या. माझ्या लग्नानंतर हे पहिल्यांदा घडत होतं. दुपारी त्या स्वतः मला रिक्षातून गंगापूर रोडच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लावायचं कधी, काढायचं कधी, का काढायचं. मग पेन खाली ठेवलं. "रोज रिमूव्हर? अहो, हार्डनर जेवढं देतं त्याच्या दुप्पट तुम्ही पहाटे पुसून काढत होता. वर सकाळभर पाणी." त्यांनी दोन्ही बंद केलं. नखं बारीक ठेवा, तेल लावा आणि नवी नखं येईपर्यंत हात पाण्यात घालायचे नाहीत.

"म्हणजे अगदीच नाही?" सासूबाईंनी विचारलं. "निदान तांदूळ धुण्यापुरते?"

"तांदूळ तुम्ही धुवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात दोघींच्याही डोक्यात एकच गोष्ट होती. पुढच्या श्रावणात सिंहस्थ होता. बारा वर्षांनी येणारा कुंभ. वर्षभर यजमानांचा लोंढा यायचा होता. वरच्या खोल्या आत्तापासून सांगितल्या गेल्या होत्या, आणि चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या दोघींपैकी एकीचे हात बंद झाले होते.

सासूबाईंनी नात्यातल्या एका बाईंना मदतीला बोलावून घेतलं. मी कोरडी बसले. हे सुख वाटेल असं कुणाला वाटलं तर त्यानं भिजलेल्या घरात कोरडं बसून बघावं. दोघी बायका धुवत, घासत, पिळत असायच्या आणि मी भिंतीला टेकून वाती वळायचे. कुणी टोचून बोलत नव्हतं, म्हणून उत्तर देता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी मी मेन रोडवर गेले आणि मालकीणबाईंना खरं काय ते सांगितलं. म्हटलं, रेशीम एवढ्यात धरता येणार नाही. त्यांनी पुन्हा माझी नखं पाहिली आणि या वेळी हसल्या. "धरू नका. दुसऱ्यांनी लावलेले फॉल तपासा, गिऱ्हाईक बघा. डोळे तर चांगले आहेत ना?"

घरी कुणी नाही म्हणालं नाही. कोरडी सून घरात ठेवून करायचं काय? सुरुवातीला दुपारी जायचे, मग सराई भरात आली तशी सकाळीही जाऊ लागले. सकाळचा पूल मी त्याआधी पाहिलेला नव्हता. भाजीच्या हातगाड्या, शाळेच्या रिक्षा आणि त्यांच्यामधून मी, कोरड्या हातांनी. दुकानात लग्नाच्या याद्या घेऊन आलेल्या बायकांना मी साड्या उलगडून दाखवायचे. कुणाला काय शोभेल हे मला कळतं हे मलाच नवीन होतं. कळवणकडून एक आजी आल्या होत्या, नातीच्या लग्नाचा बस्ता काढायला. सगळं झाल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, तू व्हतीस म्हून बरं झालं. नायतर या लोकांनी लय भुलवलं असतं मला." मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. मी इतकी आनंदात कधीच नव्हते आणि ते लपवताना माझी तारांबळ उडायची.

रोज संध्याकाळी दिवा लागला की सासूबाई मला हाक मारायच्या. वाटीत कोमट एरंडेल असायचं. दिवसभराच्या स्वयंपाकानं थकलेल्या, तरी माझं एकेक बोट मांडीवर घेऊन नखाच्या मुळाशी तेल जिरवायच्या, घाई न करता. मी म्हणायचे, मी लावते. त्या म्हणायच्या, "स्वतःच्या उजव्या हाताला स्वतः लावायला नीट जमत नाही." बोलता बोलता सिंहस्थाच्या गोष्टी निघायच्या. मागच्या वेळी किती पंगती उठल्या, मीठ कसं संपलं, आजारी असून सासरे कसे रामकुंडावर उभे होते. त्यांचे अंगठे खरखरीत होते, पण मला कधी दुखलं नाही. माझ्या आईनंही माझे हात इतक्या वेळा हातात घेतले नसतील. आणि तरी मला तिथून उठून पळून जावंसं वाटायचं. रोज मुळाशी नवं, गुलाबी, सलग नख थोडं थोडं वर सरकत होतं, आणि जेवढं ते वर येत होतं तेवढं माझं दुकान संपत होतं. माझ्या बऱ्या होण्याची मलाच भीती वाटायला लागली. एकदा तर दुकानातल्या नळाखाली मी मुद्दाम हात धरून उभी राहिले. मग स्वतःचंच हसू आलं आणि हात पुसून बाहेर आले.

उन्हाळा सरता सरता मालकीणबाईंनी मला गल्ल्याशी बोलावलं. पैठण्यांचं वेगळं दालन करायचं त्यांच्या मनात होतं. "ते तुम्ही सांभाळायचं. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात, कायमचं. आखाड लागायच्या आत सांगा." मी लगेच हो म्हणाले असते. पण आमच्याकडे सुनेनं आधी घरी विचारायचं असतं आणि मग हो म्हणायचं असतं. मी म्हटलं, उद्या सांगते. वाटेत पुलावर थांबून मी वाक्य जुळवलं. आधी दुकानाचं सांगायचं, मग मदतनीस बाईंना पुढेही ठेवून घेऊ म्हणायचं, लागलं तर माझ्या पगारातून.

घरी आले तर सासूबाई माझी वाटच बघत होत्या. आज वाटी नव्हती. त्यांनी माझी बोटं उजेडात धरली, अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. वाकलं नाही. टोकाला पापुद्रा नव्हता. त्यांचा चेहरा असा फुलला की मी जुळवलेलं वाक्य विसरले. मग त्यांनी पदराआडून एक बाटली काढली. हार्डनर, अगदी तेच. त्या स्वतः रविवार कारंजापर्यंत जाऊन घेऊन आल्या होत्या.

"यांना विचारलं मी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, रंग नाही ना त्याला? मग तो औषधी लेप झाला. लेप सोवळ्यात चालतो. काढायचंही कारण नाही. म्हणजे पाण्यात हात घातलेस तरी नखांना काही व्हायचं नाही."

जे शास्त्र माझ्या पैठणीसाठी जरासुद्धा वाकलं नव्हतं, ते सिंहस्थाच्या पंगतींसाठी मुकाट्यानं वाकलं होतं. संताप असा आला की कान गरम झाले. पण सासूबाई तोवर माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात तो ब्रश कधी हातात धरला नव्हता. चष्मा पुसला, श्वास रोखला आणि माझ्या करंगळीपासून सुरुवात केली. अर्धं नखावर, अर्धं कातडीवर. पसरलं की पदराच्या टोकानं हळूच टिपायच्या.

"आई, दुकानात मला कायमचं या म्हणतायत."

"हलू नकोस, पसरतं."

"पैठण्यांचं सगळं मी बघायचं. रोज."

"चांगलंय की," त्या ब्रशवरून नजर न काढता म्हणाल्या. "मान देतायत म्हणजे. सिंहस्थ तेवढा होऊ दे."

"आणि मग?"

त्यांनी ब्रश बाटलीत बुडवला आणि खरोखरच विचार केला. "मग पुढचा बारा वर्षांनी. तेव्हा माझे हात कुठले चालतायत? तेव्हा चूल तुझीच. मी यांना सांगून ठेवलंय, माझ्यामागं कुणाला बोलवायचं नाही, हिच्या हाताला चव आहे. यजमान तुझं नाव काढत येतील बघ." त्यांच्याकडे देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं, ते त्या मला देत होत्या.

दहाही नखं झाली. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या तळव्यांवर पालथे ठेवून घेतले आणि एकेका नखावर फुंकर घालायला लागल्या. ओल्या नखांनी हात ओढून घेता येत नव्हता. मी बसून राहिले आणि मालकीणबाईंना काय कारण सांगायचं याचा विचार करू लागले.